अर्जाची मुदत आणि ऊसतोडीचा हंगाम : लिबरल आर्ट्स विद्यापीठांच्या प्रवेश समित्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सदस्य, प्रथम वर्ष प्रवेश समिती,
देशातली लिबरल आर्ट्स विद्यापीठं

स. न. वि. वि.

मी बीड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. गाव बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं. दसरा-दिवाळी उरकली की आमच्याकडे गावंच्या गावं उठतात. नवरा-बायकोचा एक कोयता धरून मुकादम माणसं मोजतो, उचल दिलेलीच असते, आणि ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळ्या, लहान लेकरं घालून माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर निघून जातात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परत येत नाहीत. या काळात पालकसभा घेतली तर खुर्च्यांवर आजी-आजोबा दिसतात.

तुमच्यापैकी बऱ्याच विद्यापीठांच्या पहिल्या फेऱ्यांचे अर्ज नेमके याच काळात भरायचे असतात. शिष्यवृत्तीचा मोठा भाग पहिल्या फेऱ्यांत वाटला जातो असं मुलं एकमेकांना सांगतात, म्हणून घाईही तेव्हाचीच. अर्जावर पालकांची सही लागते, पालकांचा ईमेल लागतो, मोबाईलवर आलेला ओटीपी लागतो. मागच्या हिवाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीचा बाप उसाच्या फडात होता आणि त्याच्या मोबाईलला रेंज होती ती फक्त कारखान्याच्या वजनकाट्याजवळ. गाडी रिकामी करायला तो रात्री तिथं पोचायचा. ओटीपी दहा मिनिटांत मरायचा. तीन रात्री आम्ही गुरू-शिष्य त्या काट्याच्या रांगेची वाट बघत बसलो होतो. ती वसतिगृहाच्या ओट्यावर, मी घरी.

हे पत्र त्या मुलीबद्दल आहे. तिची जागा मागायला लिहीत नाही. ती आता दुसरीकडे शिकते आहे आणि तिचं नाव लिहू नका असं तिनंच बजावलंय. कोणत्या विद्यापीठानं नाकारलं तेही लिहीत नाही, कारण एका विद्यापीठाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तुमच्या सगळ्यांच्या अर्जांचा साचा थोड्याफार फरकानं एकच आहे.

आधी हे सांगतो की तुमची कल्पना, एकाच पदवीत वेगवेगळ्या शाखांचे विषय शिकू देण्याची, मला मनापासून आवडते. आमच्यापासून दोन-अडीच तासांवर लातूर आहे. आधी बोर्डाच्या गुणवत्ता यादीसाठी आणि आता ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी ज्या पॅटर्नचं नाव देशभर झालं, तो तिथला. आमची बरी पोरं दहावी झाली की तिकडं जातात, खोल्या करून राहतात, डबा लावतात आणि दोन वर्षं पर्यायांतून बरोबर गोल काळा करायला शिकतात. त्या पॅटर्ननं शेतकऱ्यांची पोरं डॉक्टर केली, हे मी कुणालाही नाकारू देणार नाही. पण तिथं पोराला ‘तुला काय वाटतं’ असं कुणी विचारत नाही. माझ्या वर्गातही विचारलं जात नाही, वेळ नसतो. तुम्ही विचारता. गुणपत्रिकेच्या पलीकडचं माणूस बघायचं म्हणता. गणित घेणाऱ्याला इतिहासही घेऊ देता. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर बाणभट्टाच्या चौसष्ट कलांपर्यंत जाऊन याची महती सांगितली आहे. एवढं लांब जायची आम्हाला गरज नव्हती. नांदेडला नरहर कुरुंदकर होते. शाळामास्तर म्हणून सुरुवात केलेला माणूस नाट्यशास्त्रावर बोलायचा, मनुस्मृतीवर बोलायचा, संगीतावर आणि हैदराबादच्या मुक्तिसंग्रामावरही, आणि खेड्यातली माणसं सायकली मारत ऐकायला यायची. लिबरल आर्ट्स म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगतो.

शब्दानं मात्र आमची पंचाईत केली. आमच्याकडे ‘आर्ट्सला गेलाय’ याचा अर्थ दहावीला कमी पडला, असा होतो. मुलीनं बापाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘आर्ट्सलाच जायचंय तर तालुक्याला काय वाईट हाय? फी बी न्हाई.’ वर्षाची फी लाखांत आहे हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही.

तिला हे कळलं कसं, तर वसतिगृहातल्या एका मुलीच्या मोबाईलवर. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, ‘सर, असं खरंच असतंय का? गणित बी आन् इतिहास बी?’ मी म्हटलं, असतं. मग आम्ही अर्ज उघडला.

पहिला खोडा अकरावीच्या गुणांचा. नववी ते अकरावीच्या गुणपत्रिका आणि बारावीचे अपेक्षित गुण, संस्थेच्या शिक्क्यासह, असं मागितलं होतं. आमच्या बोर्डात अपेक्षित गुण नावाची वस्तूच नाही. निकाल मे महिन्यात लागतो तोवर मी काय अपेक्षा करायची आणि कशाच्या जोरावर? आणि अकरावीचे गुण ग्रामीण कॉलेजात कसे पडतात हे खासगीत बोलायची गोष्ट आहे. निम्मी मुलं लातूरला क्लासमध्ये असतात आणि नाव आमच्या हजेरीपटावर असतं. सगळे पास होतात. खरी वर्गात बसणारी, खरा पेपर लिहिणारी मुलगी त्या गुणपत्रिकेत इतरांपेक्षा फार वेगळी दिसत नाही. तुम्ही ज्या कागदावर विश्वास टाकता तो आमच्याकडे सगळ्यात कच्चा कागद आहे, हे एका शिक्षकानं लिहून द्यायला हवं, म्हणून लिहितो.

दुसरा खोडा शिफारसपत्राचा. पोर्टलनं माझा जीमेल घेतला नाही. संस्थेच्या डोमेनचा ईमेल द्या म्हणालं. आमच्या संस्थेला डोमेन नाही. प्राचार्यांचा ईमेल आहे, तोही जीमेलच, आणि त्याचा पासवर्ड क्लार्कला माहीत आहे. शेवटी मदतकक्षाला चार मेल केले तेव्हा सवलत मिळाली. तोवर मुदतीचे दोन दिवस उरले होते. समुपदेशकाचं पत्र वेगळं मागितलं होतं. कॉलेजात समुपदेशक नसतो म्हटल्यावर मीच दुसऱ्या नावाच्या रकान्यात पुन्हा माझंच नाव घातलं. माझ्या तुकडीत ऐंशी मुलं. शिफारसपत्र कसं लिहायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. ‘ही विद्यार्थिनी आज्ञाधारक व मेहनती आहे’ असं मी लिहिलं. नंतर कळलं की तुमच्याकडे आज्ञाधारक हा दुर्गुण धरतात.

उत्पन्नाच्या कागदांची तर मला अजून गंमत वाटते. शिष्यवृत्तीच्या अर्जात तीन वर्षांचं आयकर विवरण आणि पगारपत्रक. शेतीच्या उत्पन्नाला या देशात आयकर नाही. दीड एकर कोरडवाहू आणि ऊसतोड करणारा माणूस विवरण भरत नसतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडला, तर ‘पूरक कागद’ म्हणून बाजूला पडला. त्यातून वार्षिक उत्पन्न लिहायचं किती? मुकादमाकडून घेतलेली उचल हे उत्पन्न धरायचं की कर्ज? हंगामभर तोडून उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या साली चढते. म्हणजे एखाद्या वर्षी उत्पन्न शून्याखाली गेलं असं लिहावं लागेल. रकान्यात उणे चिन्ह चालत नव्हतं. आम्ही करून बघितलं.

हे सगळं मात्र सुटण्यासारखं होतं. रडून-भांडून सुटलं. खरी गोष्ट पुढं आहे.

उपक्रमांचा रकाना. खेळ, वादविवाद, संगीत, स्वयंसेवी काम, संशोधन प्रकल्प, नेतृत्व. मुलगी खाली मान घालून म्हणाली, ‘सर, मपलं यातलं काहीच न्हाई.’ मी म्हटलं, रांगोळी? वक्तृत्व? एनएसएस? काहीच नव्हतं. शाळा सुटली की धाकट्या दोन भावांचं सगळं तीच करायची. न्यायानं सांगायचं तर अमेरिकेतल्या कॉलेजांचा जो सामायिक अर्ज आहे त्यात दहा उपक्रमांची जागा असते आणि कौटुंबिक जबाबदारी हा त्यातला रीतसर प्रकार आहे. आपल्याकडच्या सगळ्या अर्जांत तो नसतो, आणि असला तरी आपल्यासाठी तो ठेवलाय हे आमच्या पोरींच्या डोक्यात येत नाही. घरचं काम हे काम आहे, ते लिहून दाखवायचं असतं, असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. गंगाखेडच्या जनाबाईच्या हातात तुमचा अर्ज दिला असता तर दळण-कांडण आणि शेणी वेचणं कुठं लिहू म्हणून तीही थांबली असती, आणि कविता करते हे लिहायला विसरली असती.

आम्ही रकाना जवळजवळ रिकामा पाठवला.

मग निबंध. रूढ समजुतीला किंवा व्यवहाराला तुम्ही प्रश्न विचारलात असा प्रसंग सांगा, साडेसहाशे शब्दांत, इंग्रजीत. चार दिवसांनी तिनं वहीची पानं आणून दिली. पहिलं वाक्य मोडक्या इंग्रजीत होतं. मराठीत सांगायचं तर असं : ‘आमची गाडी रात्रभर काट्याच्या रांगेत उभी राहते तेव्हा ऊस वाळतो, आणि वाळून गेलेल्या वजनाचे पैसे कुणीच देत नाही.’

मी लाल पेन घेतला. सत्तावीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासतोय, हात आपोआप तिकडं वळतो. तासाभरानं ते वाक्य असं झालं होतं : ‘लहानपणापासूनच मला समाजातील विषमतेविरुद्ध लढण्याची तळमळ आहे.’ व्याकरण निर्दोष. पुढं मी महात्मा गांधींचा उल्लेख घातला, शेवटी स्वप्नांचे पंख घातले. मुलगी म्हणाली, ‘छान झालंय सर.’ आणि तेच पाठवलं.

मुलाखत ऑनलाइन झाली. माझा लॅपटॉप, कॉलेजची कॉम्प्युटर लॅब, दाराबाहेर शिपाई उभा की कुणी आत येऊ नये. त्याआधीच्या अभियोग्यता चाचणीत कॅमेऱ्यात मागून कुणीतरी गेलं म्हणून इशारा आला होता, त्याची धास्ती होती. मुलाखत घेणाऱ्या बाई चांगल्या होत्या. हळू बोलत होत्या, हसत होत्या. मोकळ्या वेळात काय करतेस, असं त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, वाचन. काय वाचतेस? ती गप्प. तुझ्या गावातला एक प्रश्न सांग जो तुला सोडवावासा वाटतो. तिनं पाठ केलेलं पाणी-टंचाईचं उत्तर दिलं. वीस मिनिटांत संपलं. तुला काही विचारायचंय का? ‘नो, मॅडम.’

लॅबच्या बाहेर येऊन ती पायरीवर बसली आणि मी सहज विचारलं, ती काट्याची काय भानगड होती गं? मग ती अर्धा तास बोलत होती.

आठवीच्या वर्षी ती आईबापाबरोबर फडात गेली होती. त्या हंगामात शाळा बुडाली. बैलगाडीची टोळी होती. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, बसून तिनं एका दोनशे पानी वहीत रोज लिहायला सुरुवात केली : तारीख, गाडी कुणाची, खेप कितवी, गाडी फडातून कधी निघाली, काट्यावर कधी चढली, वजनपावतीवर किती भरलं. आधी फक्त आपल्या घरचं लिहायची. मग टोळीतल्या बायका आपापल्या पावत्या आणून द्यायला लागल्या, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. पट्टा पडला तेव्हा हिशेबाला मुकादमाच्या वहीत तिच्या बापाच्या नावावर आठ टन कमी निघाले. ही तेरा वर्षांची पोरगी वही घेऊन उभी राहिली आणि एकेक तारीख वाचून दाखवली. मुकादम म्हणाला, ‘लै शाहणी झाली की रं तुझी पोरगी,’ आणि आठ टन धरले.

पण तिला त्यात फारसं विशेष वाटत नव्हतं. तिचं लक्ष दुसरीकडं होतं. वही भरत गेली तसं तिच्या ध्यानात आलं की ज्या गाड्या संध्याकाळी निघून मध्यरात्रीच्या आत काट्यावर चढतात त्यांचं वजन एक, आणि ज्या रांगेत अडकून दुसऱ्या दिवशी दुपारी चढतात त्यांचं दुसरं. त्याच फडातला ऊस, तेवढ्याच मोळ्या. मग ती मोळ्याही मोजायला लागली. रांग कुणामुळं लागते, कुणाच्या गाड्या मधूनच आत जातात, हेही तिनं एका कोपऱ्यात खुणेनं लिहिलं होतं. तोडणाऱ्याला मजुरी टनावर. ऊस वाळला तर मजुरी वाळते. रांग लागण्यात त्याची काही चूक नसते. ‘मग सर, ह्ये तूट कुणाच्या नावावर पडाया पायजे?’ असं तिनं मला विचारलं. मला उत्तर आलं नाही.

मी म्हटलं, अगं, हे आत्ता आत का नाही बोललीस? तर म्हणाली, ‘तिथं असलं बोलायचं नसतंय वाटलं.’

समिती सदस्यहो, तुम्ही संशोधन प्रकल्पाचा रकाना ठेवता. पुण्या-मुंबईत निबंध घडवून देणारे, प्रकल्प जुळवून देणारे सल्लागार पैसे घेऊन तो भरून देतात, हे तुम्हालाही माहीत आहे. माझ्या मुलीचा प्रकल्प दोनशे पानांचा होता, नमुना निवडलेला, नोंदी रोजच्या रोज, आणि तो रकाना तिनं रिकामा ठेवला. तिच्या निबंधातून तो मी खोडला. ही माझी चूक आहे आणि मी ती कबूल करतो. पण मी ती का केली याचाही विचार करा. साडेसहाशे शब्द सुबक इंग्रजीत हवेत, असं कळल्यावर कुठलाही तालुक्याचा मास्तर तेच करील. वाक्य सरळ करता करता त्यातली मुलगी निघून जाते.

म्हणून माझी मुख्य मागणी भाषेची आहे. नीटसारखी परीक्षा तेरा भाषांत होते, मराठीत होते. केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशाची सीयूईटीही तेरा भाषांत होते. लाखो मुलांच्या परीक्षेला जे जमतं ते काही हजार अर्ज वाचणाऱ्या विद्यापीठाला का जमू नये? शिकवणं इंग्रजीत आहे, मान्य. इंग्रजी किती येतं ते एका वेगळ्या साध्या चाचणीनं बघा. कमी पडत असेल तर पहिल्या वर्षी शिकवा. तुमच्यापैकी काही जण तसे वर्ग घेताही. पण मूल विचार कसा करतं हे बघायचा निबंध आणि मुलाखत त्याला ज्या भाषेत विचार करता येतो त्या भाषेत होऊ द्या. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर तपासल्या की इंग्रजीचे गुण विचाराच्या खात्यात जमा होतात.

मराठवाड्याला हा प्रकार नवा नाही. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं ते उर्दू माध्यमाचं. देशी भाषेत उच्च शिक्षण द्यायचं, ही कल्पना त्या काळात धाडसाचीच होती, पण मराठी घरातल्या पोराला ती देशी भाषाही परकीच होती. १९४८ला आम्ही मोकळे झालो. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढचं मिलिंद. देशाचा कायदेमंत्री असलेल्या माणसानं कॉलेजासाठी हा मागास मुलूख निवडला, आणि कॉलेजच्या नागसेनवन परिसरात वर्गाच्या शेजारी वसतिगृहं उभी राहिली, कारण येणारं पोर राहील कुठं आणि खाईल काय याचा विचार प्रवेशाच्या विचारातच होता. खेड्यापाड्यांतून जी मुलं तिथं आली त्यांच्याकडे दाखवायला उपक्रम नव्हते. त्यांतल्या काहींनी पुढं मराठी साहित्याचं वळण बदललं.

बाकीच्या मागण्या किरकोळ आहेत. ज्यांचे आईबाप हंगामी स्थलांतर करतात त्यांना पालकांच्या सहीसाठी आणि कागदांसाठी एप्रिलअखेरपर्यंत मुदत द्या, आणि तोवर त्यांच्या वाट्याची शिष्यवृत्ती संपवू नका. तहसीलचा दाखला मुख्य कागद धरा. अर्जाची फी माफ करायला विनंतीअर्ज मागू नका. ‘मी गरीब आहे’ हे इंग्रजीत पटवून देणं फार जीवावर येतं. शिक्षकाचं पत्र कागदावर, हातानं लिहिलेलं घ्या. आणि उपक्रमांच्या रकान्याच्या वर एक ओळ मराठीत छापा : शाळेव्यतिरिक्त तुझा दिवस कसा जातो ते सांग. एवढ्यानं माझ्या मुलीनं वही काढली असती.

जमलं तर कुणीतरी या इकडं. दिवाळीनंतर नका येऊ, गावात कुणी भेटणार नाही. पट्टा पडल्यावर, एप्रिलात, ऊन कडक असतं पण माणसं घरी असतात.

यंदा आणखी एक मुलगा अर्ज करतोय. त्याचा बाप टायरच्या गाडीवर आहे, आजी घरी. निबंध त्यानं मराठीत लिहिलाय आणि मी त्याला लाल पेन लावलेला नाही. शिफारसपत्रही मी मराठीतच लिहिलंय, तीन पानं, ‘आज्ञाधारक’ हा शब्द न वापरता. पोर्टलनं घेतलं नाही तर दोन्ही स्पीड पोस्टानं येतील. पोचपावती पाठवा.

आपला,
एका कनिष्ठ महाविद्यालयातला इंग्रजीचा शिक्षक
जि. बीड